टर्नटेबल बदलावे की सुई?

व्यापाऱ्याच्या घरात कोणतीही वस्तू केवळ जुनी झाली म्हणून टाकून दिली जात नाही. ती काम देते की खर्च वाढविते, हे पाहूनच तिचा निकाल लागतो. पेढीवरचा काटा, मालाची गाडी, घरातील शिवणयंत्र या सर्वांस आपण हाच न्याय लावीत आलो आहोत. दिवाणखान्यातील टर्नटेबलाच्या बाबतीत मात्र आपली व्यवहारबुद्धी कोठे जाते कोण जाणे! आवाज जरा बिघडला की यंत्रच हलके, असे आपण धरून चालतो. आणि त्याहून वरचे यंत्र दाखवावयास विक्रेता तयारच असतो.

हा विषय यंदाच्या स्मरणिकेसाठी घेण्यास कारण आहे. लाँगप्ले तबकड्यांचा काळ संपला, असे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सारेच म्हणत होते. परंतु २०२२ साली अमेरिकेत विनाइलच्या तबकड्या संख्येने सीडींपेक्षा अधिक खपल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याही कित्येक सभासदांच्या घरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या आहेत, आणि मुलांनी किंवा परदेशस्थ नातलगांनी हौसेने आणून दिलेले मधल्या किमतीचे टर्नटेबल त्यांच्या शेजारी येऊन बसले आहे. दोन-चार वर्षे त्यावर आनंदाने ऐकून झाले की प्रश्न उभा राहतो : आता याहून वरचे घ्यावे काय? आम्हांसही हा प्रश्न पडला होता, आणि त्याचे चुकीचे उत्तर देऊन आम्ही मोकळेही झालो होतो.

आमच्या घरी पट्ट्यावर चालणारे, मध्यम प्रतीचे टर्नटेबल सात वर्षे आहे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून, दुकानाचा रोजमेळ मिटला की एक तासभर तबकड्या ऐकावयाच्या, हा घरचा परिपाठ. त्यात उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली लाँगप्ले वडिलांच्या विशेष आवडीची. तिच्या मारव्याच्या बाजूची अखेर गेली दोन वर्षे घोगरी वाजू लागली होती. विलंबित निर्मळ, आणि द्रुतातील ताना आल्या की जणू कोणी कागद फाडीत आहे. शहरातील एका विक्रेत्यास विचारले. “या यंत्राची धाव एवढीच,” असा त्यांनी निर्वाळा दिला. आम्ही वरच्या यंत्राचा विसारही देऊन आलो.

त्याच आठवड्यात आमच्या परिचयाचे एक सराफ बंधू चहास आले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सुई शेवटची केव्हा बदलली?” आम्हांस उत्तर देता येईना. सुई बदलावयाची असते हेच आमच्या ध्यानी नव्हते. त्यांनी तेथल्या तेथे हिशेब मांडला : रोज एक तास, सात वर्षे, म्हणजे अडीच हजार तासांहून अधिक. हिऱ्याच्या सुईचे आयुष्य साधारणपणे पाचशे ते हजार तासांचे धरतात. आम्ही तिच्याकडून अडीचपट चाकरी घेतली होती.

पुढच्या गोष्टी समजण्यास खोबणीचा थोडा विचार करणे अवश्य आहे. लाँगप्ले तबकडी मिनिटास ३३ १/३ फेरे घेते. वीस मिनिटांच्या एका बाजूत ६६० हून अधिक फेरे होतात, आणि बाहेरील व आतील वर्तुळांची सरासरी धरली तर ही खोबण उलगडून सरळ केल्यास सुमारे ४३० मीटर भरेल. तासाभरात तीन बाजू वाजल्या तर सुईचा प्रवास सव्वा किलोमीटरांहून अधिक होतो. हजार तासांत मुंबईहून दिल्लीस पोहोचण्याइतका. हिरा कठीण खरा, पण एवढ्या घर्षणापुढे तोही झिजतो. सुईच्या गोलसर टोकावर दोन्ही अंगांस सपाट पैलू पडतात आणि त्या पैलूंच्या कडा धारदार होतात. मग ती खोबणीतून घसरत जाण्याऐवजी खोबण खरवडू लागते. झिजलेल्या सुईची खरी हानी ही आहे. सुई नवी मिळते; खरवडलेली खोबण परत मिळत नाही.

सराफ बंधूंनी ती सुई काढून नेली व आपल्या दुकानातील रत्नपरीक्षेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मोठ्या शक्तीच्या भिंगातून तिच्या टोकाशी दोन चकाकणारे सपाट तुकडे स्पष्ट दिसले. हिऱ्याचे पैलू पाहण्यात ज्यांची हयात गेली त्यांस याहून अधिक सांगण्याची गरज नव्हती. ज्यांचा स्नेही सराफ असेल त्यांनी ही परीक्षा अवश्य करून घ्यावी, कारण नुसत्या डोळ्यांस झिजलेली व कोरी सुई सारखीच दिसते.

आता बाजूची अखेरच का बिघडते? तबकडीचा वेग सर्वत्र एकच असला तरी सुईखालून सरकणारी खोबण कडेस सेकंदाला सुमारे अर्धा मीटर धावते, आणि लेबलाजवळ जेमतेम एकवीस सेंटिमीटर. तेवढ्याच सेकंदाचे गाणे निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेले असते. नागमोडी दाट, वळणे तीव्र. आपल्या संगीताचे दुर्दैव असे की ख्यालाचा क्रम नेमका याच्या उलट आहे. कडेच्या ऐसपैस जागेत संथ आलापी, आणि लेबलाजवळच्या अडचणीत द्रुत लय व ताना. म्हणून सुईची झीज किंवा बसविण्यातील चूक प्रथम तानांतच प्रकट होते, आणि ऐकणारा म्हणतो, यंत्र पुरे पडत नाही.

बसविण्यातील चूक हा दुसरा मुद्दा. मूळ तबकडी कोरणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत जाते. आपल्या यंत्राचा दांडा मात्र एका खिळ्याभोवती फिरतो, त्यामुळे त्याची सुई कंसात जाते. दोहोंची दिशा तंतोतंत जुळेल अशा जागा साऱ्या बाजूत दोनच असू शकतात. प्रचलित आखणीत त्या मध्यापासून ६६ मिलिमीटर व सुमारे १२१ मिलिमीटर अंतरावर येतात. हे अंतर छापलेला कागदी मापक मिळतो. त्यावर सुई टेकवून कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करावयाचे, ते पुढेमागे सरकवून रेषेत आणावयाचे आणि पुन्हा घट्ट करावयाचे. अर्ध्या तासाचे काम आहे, पैशाचे नव्हे. आमच्या यंत्रावरील कार्ट्रिज तीन मिलिमीटर मागे बसलेले निघाले. ते सात वर्षे तसेच होते.

तिसरी गोष्ट वजनाची. प्रत्येक कार्ट्रिजसाठी सुईचा भार ठरलेला असतो. बहुतेक मध्यम प्रतीच्या कार्ट्रिजांचा दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास. ऑर्टोफॉन या डॅनिश कंपनीच्या २एम रेडसाठी तो १.८ ग्रॅम, म्हणजे सराफी भाषेत नेमका नऊ कॅरट. भार हलका ठेवला की तबकडी कमी झिजेल, असा भाबडा समज घराघरांत आहे. आम्हीही तोच बाळगून होतो. वस्तुतः हलकी सुई जोरदार स्वरावर खोबणीच्या भिंतीचा आधार सोडून उसळते व पुन्हा आदळते, आणि त्या आदळण्याने खोबण अधिक दुखावते. सांगितलेल्या मर्यादेत किंचित जड हे किंचित हलक्यापेक्षा बरे. सराफाचा कॅरटकाटा यासाठी चालतो, मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. सुई टेकेल ती जागा तबकडीच्याच उंचीवर असावी. आणि काट्याची तबकडी पोलादी नसावी, कारण कार्ट्रिजमधील लोहचुंबक तिच्याकडे ओढला जाऊन वजन खोटे दाखवितो. खोटा काटा कोणता, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

एवढे झाल्यावरही अधिक चांगल्या आवाजाची इच्छा उरली, तर पहिला रुपया सुईच्या टोकावर घालावा असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्वांत साधी सुई शंकूच्या आकाराची, तिच्यावरची लंबगोल टोकाची, आणि त्याहून वरच्या सुयांची टोके मूळ कोरणाऱ्या सुईच्या आकाराच्या जवळ जाणारी. टोकाची कड जितकी बारीक तितकी ती लेबलाजवळच्या दाट नागमोडीत शिरू शकते. पुष्कळ कार्ट्रिजांत देह तोच ठेवून वरच्या प्रतीची सुई बसविता येते. वर उल्लेखिलेल्या रेडच्या देहावर ब्ल्यूची सुई जशीच्या तशी बसते. हा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात भागतो.

येथे कोणी म्हणेल की मग वरच्या यंत्रांस अर्थच नाही काय? आहे, पण कोणता दोष यंत्राचा व कोणता तबकडीचा, हे आधी वेगळे करावयास हवे. आपले कान तंबोऱ्यावर वाढलेले आहेत. पाश्चात्त्य वाद्यवृंदात स्वर सतत पालटत असतात, म्हणून वेगातील सूक्ष्म हेलकावा लपून जातो. आपल्याकडे षड्ज अखंड चालू असतो, आणि तो थोडा जरी डुलला तरी मन अस्वस्थ होते. असे डुलणे ऐकू आले तर घड्याळ घेऊन बसावे. तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची. डुलणे बरोबर तेवढ्याच अंतराने येत असेल आणि एका तबकडीत असून दुसरीत नसेल, तर भोक मध्यावर पडलेले नाही असे समजावे. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले असले तरी तबकडीच्या मधल्या भागात स्वर सुमारे अर्धा टक्का वर-खाली होतो. यापुढे उत्तम यंत्रही काय करणार! टेक्निक्सच्या १९७९ सालच्या एसएल-१२०० एमके२ या यंत्राचा स्वतःचा वेगदोष कंपनीने ०.०२५ टक्के दिलेला आहे, म्हणजे त्या सरकलेल्या भोकाच्या विसाव्या हिश्श्याइतका. लाखाचे यंत्र आणले तरी वाकडे भोक सरळ होत नाही.

उलट, डुलणे प्रत्येक तबकडीत असेल तर प्रथम पट्टा बदलावा. रबरी पट्टा आपल्या उन्हाळ्यात सैल होतो, पावसाळ्यात चिकटतो, आणि त्याची किंमत क्षुल्लक असते. नव्या पट्ट्यानेही दोष न गेला तरच मोटर व मधल्या खुंट्याकडे बोट दाखवावे.

वेगावरून एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या एका आप्तांनी अमेरिकेतून टर्नटेबल आणले, व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मरही आणला, आणि घरात जो तो म्हणू लागला की बाईंचा आवाज पुरुषी झाला. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, पण विजेची आवर्तने बदलत नाहीत. अमेरिकेत ती सेकंदास ६०, आपल्याकडे ५०. ज्या यंत्राची मोटर थेट विजेच्या आवर्तनांवर चालते ते आपल्याकडे सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि गाणे सुमारे तीन अर्धस्वर खाली येते. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारवर उतरली होती! मोटरवरील कप्पी ५० आवर्तनांची बसविली आणि सारे सुरळीत झाले. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या यंत्रांत हा घोटाळा होत नाही, तरी परदेशातून आणविताना विचारून घ्यावे.

जमिनीचे हादरे हा आणखी एक दोष यंत्राच्या माथी मारला जातो. जुन्या वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर कोणी चालले की सुई थरथरते. तबकडी थांबवून तिच्यावर सुई टेकवावी, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवावा, आणि मेजाच्या पायावर बोटाने हलके टिचकावे. धपधप असा नाद कर्ण्यांतून आला तर यंत्र भिंतीत ठोकलेल्या फळीवर हलवावे. सतत गुणगुण येत असेल तर अर्थिंगची तार सुटली आहे काय ते पाहावे. ही तार जोडल्यावाचून कित्येकांनी यंत्रे विकली असतील असा आमचा संशय आहे.

तेव्हा यंत्र बदलण्याची खरी कारणे आमच्या मते थोडीच उरतात. दांड्याचे बेअरिंग ढिले होऊन तो बोटांत धरल्यास खुळखुळत असेल. नव्या पट्ट्यानंतरही वेग स्थिर राहत नसेल. मधल्या खुंट्याची घरघर शांत खोबणीत ऐकू येत असेल. किंवा भार कमीजास्त करण्याची सोयच नसून एकच कार्ट्रिज चालत असेल, तर बदल अवश्य करावा. पण रेगाचे प्लॅनर ३ किंवा वर उल्लेखिलेले टेक्निक्स यांच्यासारखी मध्यम वर्गातील यंत्रे काळजीने वापरल्यास दशकानुदशके चालतात. अशा यंत्रावरून त्याच्या लगतच्या वरच्या यंत्राकडे जाताना जो फरक मिळतो तो सुई, बसवणी व कर्णे यांच्या फरकापुढे लहान असतो.

एक कारण मात्र आपल्या घरांना विशेष लागू पडते, आणि ते म्हणजे ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या. लाँगप्ले १९४८ साली अमेरिकेत निघाली. तत्पूर्वीचे सारे आणि आपल्याकडचे त्यानंतरचेही पुष्कळ गाणे ७८ च्या तबकड्यांवर आहे. मध्यम प्रतीच्या बऱ्याच यंत्रांत ३३ व ४५ हेच वेग असतात. असे यंत्र कितीही उत्तम असले तरी आजोबांच्या पेटीपुढे ते मुकेच. शिवाय ७८ ची खोबण रुंद असते. लाँगप्लेची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, तर ७८ साठी ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी साचलेल्या कचऱ्यातून खरडत जाते, आणि जाड सुई लाँगप्लेवर चालविली तर त्या तबकडीचा घातच. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी तिन्ही वेगांचे, सुई सहज बदलता येणारे यंत्र घ्यावे. तो खर्च सार्थ आहे.

या जुन्या तबकड्यांविषयी आणखी एक गोष्ट. त्या लाखेच्या केलेल्या असत, आणि लाख किड्यांपासून होते हे सर्वश्रुत आहे. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते. आपल्या वडीलधाऱ्यांनी लाखेचा व्यापार टाळला आणि लाखेच्या तबकड्या मात्र हौसेने विकत घेतल्या, याचे आम्हांस हसूही येते व त्यांच्या संगीतप्रेमाचे कौतुकही वाटते. व्यवहारात लक्षात ठेवावयाचे ते एवढे, की लाख मद्यार्कात विरघळते. लाँगप्लेसाठी मिळणाऱ्या मद्यार्कयुक्त द्रवाने ७८ ची तबकडी पुसली तर गाणेच पुसले जाईल. विनाइलची तबकडी ऊर्ध्वपातित पाणी व सौम्य साबणाचा थेंब यांनी धुवावी. आपण पाणी गाळून पितो, परंतु या कामी गाळलेले पाणी पुरत नाही. त्यातील क्षार वाळल्यावर खोबणीत राहतात. बेळगाव-गोव्याकडील पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी धरते, तेव्हा दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत तबकड्यांचीही पाळी लावणे इष्ट.

आमच्या प्रकरणाचा निकाल असा लागला. विक्रेत्यांकडे जाऊन विसार नव्या सुईच्या व पट्ट्याच्या किमतीत वळवून घेतला. त्यांनी थोडे तोंड वाकडे केले, पण दिले. कार्ट्रिज मापकावर बसविले, भार कॅरटकाट्यावर तोलला, आणि सुई बदलल्याची तारीख खतावणीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवली. यंत्र तेच आहे. ज्या तबकड्या त्या सात वर्षांत क्वचितच लागल्या होत्या त्या अशा वाजू लागल्या की वडिलांनी दोनदा उठून कोणती तबकडी लावली आहे ते पाहिले.

मारव्याची बाजू मात्र सुधारली नाही. तिच्या अखेरच्या चार मिनिटांतील ताना आजही घोगऱ्याच येतात. जे आमच्या सुईने खरवडून नेले ते कोणत्याही सुईस परत वाचता येत नाही. दरबारीची बाजू, जी वडील क्वचित लावीत, ती स्वच्छ आहे. हल्ली तीच लागते.